घोड्याला डाग, स्वाराचा चेहरा

सतराव्या शतकात मोगलांच्या दख्खन सुभ्यात एखादा स्वार चाकरीला लागला, की त्याला फौजेच्या हजेरीचे काम पाहणाऱ्या बक्षीच्या दप्तरापुढे उभे राहावे लागे. कारकून त्याच्याकडे पाहत पाहत लिहीत जाई. नाव, बापाचे नाव, जमात, मूळ मुलूख, वय. मग वर्ण. कपाळ रुंद की अरुंद, भुवया जुळलेल्या की सुट्या, डोळे कसे, नाक कसे, दाढी-मिशांचा रंग कोणता. कान टोचलेले आहेत का, तोंडावर देवीचे वण आहेत का, तीळ कुठे, तलवारीच्या जुन्या जखमेची खूण कुठे. हा कागद म्हणजे त्या स्वाराचा ‘चेहरा’.

त्यानंतर घोड्याची पाळी. इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी, जंगला अशा घोड्यांच्या प्रती ठरलेल्या होत्या. जनावराची प्रत, रंग आणि अंगावरच्या खुणा लिहून झाल्या, की तापलेल्या लोखंडाने त्याच्या मांडीवर सरकारी डाग दिला जाई. ज्या मनसबदाराच्या पथकातला तो घोडा, त्याची स्वतःची खूणही वेगळी असे. या कामाला स्वतंत्र खाते होते आणि त्याचे नाव ‘डाग-ओ-तसहीहा’, म्हणजे डाग देणे आणि पडताळणी करणे. एकदा डाग दिला की संपले, असे नव्हते. ठरावीक मुदतीने पथक पुन्हा हजर करावे लागे आणि कागदावरचा माणूस व समोरचा माणूस, कागदावरचा घोडा व समोरचा घोडा पुन्हा ताडून पाहिले जात.

एवढा खटाटोप कशासाठी? मनसबदाराला जहागीर मिळे ती अमुक इतके स्वार बाळगण्याच्या अटीवर. स्वार न बाळगता पैसा खिशात घालण्याचा मोह मोठा होता. अकबराच्या काळात इतिहासकार बदायुनीने तक्रार केली आहे, की अमीर लोक हजेरीच्या दिवशी आपल्या नोकरचाकरांनाच शिपायांचे कपडे चढवून उभे करतात आणि हजेरी संपली की पथक नाहीसे होते. घोडाही शेजारच्या सरदाराकडून दिवसभरासाठी उसना आणता येई. डाग आणि हुलिया, म्हणजे चेहरा, यांची ही पद्धत त्याआधी अलाउद्दीन खिलजीनेही वापरली होती. हा तोच अलाउद्दीन, ज्याने 1296 मध्ये देवगिरीवर धाड घालून रामचंद्रदेवाची अमाप संपत्ती नेली. अकबराने 1570 च्या दशकात ही पद्धत पुन्हा कडक केली. शाहजहानच्या काळापर्यंत ती इतकी सैल झाली होती, की बादशहाला नियमच करावा लागला: ज्या सुभ्यात जहागीर तिथेच चाकरी असेल तर मनसबदाराने कागदावरच्या स्वारांपैकी एक तृतीयांश तरी हजर करावेत, आणि चाकरी दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश. एवढी सूट देऊनही तो चतुर्थांश खरा असावा म्हणून डाग आणि चेहरा या दोन्ही गोष्टींवाचून भागत नव्हते.

या पद्धतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिची जोड. घोडा आणि स्वार यांची ओळख एकाच कागदावर एकाच खुणेने पटवलेली नाही. डाग असलेल्या घोड्यावर भलताच माणूस बसलेला असू शकतो, आणि नोंदलेला माणूस भाड्याच्या तट्टावर येऊ शकतो. दोघांची ओळख वेगवेगळी पटवायची आणि मग दोघांना एकत्र पाहायचे. आज बँकेत, जिल्हाधिकारी कार्यालयात, औरंगाबादजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यात नेटवर्कच्या तोंडाशी जी फायरवॉल बसलेली असते, तिच्यापुढचा प्रश्न हुबेहूब हाच आहे. आत येऊ पाहणारा संगणक कोणता, आणि त्यावर बसलेला माणूस कोण?

फायरवॉलला सुरुवातीला हा प्रश्न पडलाच नव्हता. 2 नोव्हेंबर 1988 रोजी मॉरिस वर्म नावाचा प्रोग्राम तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवर सुटला आणि त्याने काही हजार संगणक ठप्प केले. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची पाकिटे चाळणारी पहिली साधने बनवली. पाकिटावर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो आणि कोणत्या सेवेसाठी आले त्याचा क्रमांक असतो. एवढे वाचायचे आणि यादीत बसत असेल तर सोडायचे. ज्या काळात एका टेबलावर एकच संगणक आणि त्याच्यापुढे रोज एकच माणूस असे, त्या काळात पत्ता म्हणजेच माणूस हे गृहीत चालून गेले.

पुढे संगणकांना पत्ते आपोआप आणि तात्पुरते मिळू लागले. सकाळी लेखा विभागातल्या संगणकाला मिळालेला पत्ता संध्याकाळी पाहुण्याच्या लॅपटॉपकडे जाऊ शकतो. नेटवर्क कार्डाला कारखान्यात दिलेला 48 बिटांचा मॅक पत्ता असतो, पण तो सॉफ्टवेअरने बदलता येतो, आणि हल्लीचे मोबाइल तर खासगीपणा जपण्यासाठी तो स्वतःहूनच बदलतात. म्हणजे पत्त्यावरून जागा कळते, माणूस कळत नाही.

मग फायरवॉलला माणूस ओळखायला शिकवले गेले. मोठ्या कार्यालयात सकाळी कर्मचारी नाव आणि पासवर्ड देऊन लॉगिन करतो, ते डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरकडे. अमुक नावाचा माणूस अमुक पत्त्यावरून अमुक वेळी आला, अशी नोंद तो सर्व्हर ठेवतो. फायरवॉल ती नोंद वाचते आणि आपल्याकडे तक्ता करते: या पत्त्यावर सध्या ही व्यक्ती, ती या विभागाची, म्हणून तिला हे दरवाजे खुले. ज्याची नोंद सापडत नाही त्याला ब्राउझरमध्ये एक पान दाखवून नाव आणि पासवर्ड विचारला जातो. आपल्याकडे अहमदाबादच्या सायबरोम कंपनीने अशी माणसाच्या ओळखीवर चालणारी फायरवॉल बनवून जगभर विकली. संगणकाचीही वेगळी ओळख ठेवता येते. विंडोजच्या डोमेनमध्ये सामील केलेल्या प्रत्येक संगणकाचे स्वतःचे खाते असते, स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो पासवर्ड साधारण तीस दिवसांनी संगणक आपणहून बदलतो. त्यामुळे माणसाने लॉगिन करण्याआधीच हा संगणक आपल्या घरचा आहे हे नेटवर्कला कळू शकते. त्याहून पक्की पद्धत म्हणजे संगणकात बसवलेले डिजिटल प्रमाणपत्र. तो घोड्याचा डाग. चेहरा नंतर.

पण या तक्त्याची खरी दुबळी जागा कुठे आहे ते समजून घ्यायचे, तर औरंगाबादहून निघालेल्या एका सुभेदाराची गोष्ट पाहावी लागते.

शायिस्ताखान हा औरंगजेबाचा मामा. दख्खनचा सुभेदार म्हणून तो 1660 च्या जानेवारीत औरंगाबादेत आला, फौज घेऊन अहमदनगरमार्गे निघाला आणि मे महिन्यात पुण्यात पोहोचला. चाकणच्या भुईकोटाने त्याला जवळजवळ दोन महिने झुंजवले. फिरंगोजी नरसाळ्याने ऑगस्टमध्ये तो किल्ला सोडला तेव्हा खानाला मराठ्यांची ताकद पुरती कळली होती. पुण्यात तो शिवाजी महाराजांच्याच लाल महालात राहिला आणि आपल्या सुरक्षेची व्यवस्था त्याने फार विचारपूर्वक लावली. तिचे वर्णन खाफीखानाने ‘मुन्तखब-उल्-लुबाब’ या ग्रंथात केले आहे. बादशाही चाकरीत असलेल्यांखेरीज कोणीही, विशेषतः कोणीही मराठा, हत्यारबंद असो वा नसो, परवान्याशिवाय शहरात किंवा छावणीत शिरता कामा नये. मराठा घोडेस्वारांना तर चाकरीतच घ्यायचे नाही.

हा नियम नीट पाहा. मुळात सगळ्यांना बंदी, मग नावानिशी अपवाद. आजचा कोणताही सुरक्षा अभियंता असाच नियम लिहील: आधी सर्व बंद, मग लागेल तेवढेच उघडे. नियमात काही चूक नव्हती. चौक्या होत्या, पहारे होते, परवाने देणारा कोतवाल होता.

खाफीखान पुढे सांगतो, की मोगलांच्या पायदळात चाकरीला असलेले काही मराठे कोतवालाकडे गेले आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी दोनशे माणसांचा परवाना त्यांनी मागितला. परवाना मिळाला. संध्याकाळी एका पोराला नवरदेव बनवून, ताशे-वाजंत्री लावून वऱ्हाड शहरात शिरले. त्याच दिवशी आणखी एक टोळी आली. शत्रूची माणसे पकडून आणली आहेत, असे सांगत तिने काही जणांना दोरीने बांधून, उघड्या डोक्याने, शिव्या देत चौकीवरून आत नेले. कैदी आणि त्यांना आणणारे, दोन्ही एकाच पक्षाचे होते. मध्यरात्री सगळे एकत्र जमले.

खाफीखानाने हे बऱ्याच वर्षांनी लिहिले. दुसरी हकिगत अशी आहे, की महाराज सुमारे चारशे निवडक लोक घेऊन छावणीत शिरले आणि पहारेकऱ्यांनी हटकले तेव्हा सांगितले, आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई आहोत, नेमून दिलेल्या चौकीवर चाललो आहोत. तपशील निराळे आहेत, पण दोन्ही हकिगतींचा गाभा एकच. भिंत फोडून कोणी आत गेले नाही. ज्यांना आत जाण्याचा हक्क होता त्यांच्या नावाने ते गेले.

ती रात्र 5 एप्रिल 1663 ची, चैत्र शुद्ध अष्टमी. रमजान चालू होता. दिवसभराच्या उपासानंतर जेवून लोक गाढ झोपले होते, आणि मुदपाकखान्यात काही आचारी पहाटेच्या जेवणाच्या तयारीला लागले होते. मराठे शिरले ते त्याच बाजूने. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्यामधली खिडकी चिखल-विटांनी बुजवलेली होती, ती त्यांनी फोडली. महालाच्या बाहेर कडेकोट पहारा होता, पण एकदा आत शिरल्यावर अडवणारे फारसे काही नव्हते. काही जण पहाऱ्याच्या चौकीत शिरले आणि झोपलेल्या पहारेकऱ्यांना त्यांनी कापून काढले. काही जण नगारखान्यात गेले आणि खानाचा हुकूम आहे असे सांगून त्यांनी नगारे वाजवायला लावले. तो गोंधळ असा उठला, की कोण काय ओरडते आहे हे कोणाला ऐकू येईना. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला. महाराज आपल्या माणसांसह निसटले.

नगारखान्याचा प्रसंग मला वऱ्हाडाच्या प्रसंगापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. वाजंत्र्यांनी हुकूम ऐकला आणि पाळला. हुकूम कोणाच्या नावाने आला एवढेच त्यांनी पाहिले, तो आणणारा कोण हे नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर पडलेला दरोडा याच जातीचा होता. एटीएममधून पैसे काढताना खरी मंजुरी बँकेच्या मुख्य प्रणालीने द्यायची असते. हल्लेखोरांनी मध्येच स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली आणि मंजुरी तीच देऊ लागली. 11 ऑगस्टला काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे 78 कोटी रुपये निघाले, देशातून आणखी अडीच कोटी. 13 ऑगस्टला स्विफ्ट प्रणालीतून जवळजवळ 14 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण आकडा 94 कोटींच्या वर गेला. एटीएम यंत्रांनी काहीच गैर केले नव्हते. मंजुरी आली, त्यांनी पैसे दिले.

फायरवॉलच्या तक्त्यातही हाच धोका असतो. तक्ता सांगतो की या पत्त्यावर अमुक व्यक्ती आहे. पण ती ओळख सकाळी नऊला पटली होती. साडेअकराला ती व्यक्ती उठून गेली आणि नोंद तशीच राहिली, तर त्या पत्त्यावरून जो काही करील तो तिच्याच नावाने करील. उलटेही होते. देखभालीसाठी नेटवर्क विभागाच्या एखाद्या स्वयंचलित खात्याने दुरून त्या संगणकावर लॉगिन केले, तर फायरवॉलला वाटते की आता तिथे तेच खाते बसले आहे. मग साध्या कारकुनाच्या पाकिटांना त्या खात्यासाठीचे दरवाजे उघडतात. म्हणून जाणते लोक अशी खाती तक्त्यातून आधीच वगळतात, नोंदींना मुदत घालतात, आणि एकाच सर्व्हरवर अनेक जण काम करत असतील तर प्रत्येकाला पोर्टांचा वेगळा पट्टा नेमून देतात. चांगल्या आणि वाईट फायरवॉलमधला बराचसा फरक अशा कंटाळवाण्या कामात असतो.

पुण्याच्या छाप्यानंतर औरंगजेबाने शायिस्ताखानाची बदली बंगालमध्ये केली आणि शाहजादा मुअज्जम दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगाबादेत आला. तीन वर्षांनी, 1666 च्या मार्चमध्ये, खुद्द शिवाजी महाराज आग्र्याला जाताना या शहरात आले. त्यांच्यासोबत नवव्या वर्षातले संभाजीराजे होते, ज्यांच्या नावाने आज हे शहर ओळखले जाते. त्यांना पाहायला लोकांची गर्दी लोटली. स्थानिक अधिकारी सफशिकनखान मात्र एका जमीनदारासाठी आपण कशाला सामोरे जायचे, असे मानून बसून राहिला आणि त्याने पुतण्याला पाठवले. महाराजांनी पुतण्याकडे लक्षच दिले नाही. ते थेट मिर्झाराजे जयसिंगांच्या वाड्यावर गेले, ज्यांच्या नावाचा जयसिंगपुरा आजही शहरात आहे. शेवटी सफशिकनखानाला स्वतःच भेटीला यावे लागले. समोरचा माणूस कोण, हे त्याला ठाऊक होते. त्याला कोणता मान द्यायचा, हे ठरवण्यात तो चुकला. नेटवर्कच्या कामातही ही दोन पावले वेगळी ठेवतात: आधी ओळख, मग अधिकार. पहिले बरोबर आणि दुसरे चूक, असे नेहमी घडते.

आग्र्यात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काय झाले ते प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन पलंगावर निजले आणि महाराजांचे सोन्याचे कडे घातलेला हात तेवढा त्यांनी बाहेर ठेवला. पहाऱ्यावर नेमलेल्या फुलादखानाचे शिपाई डोकावत आणि हात पाहून परत जात. ज्या साम्राज्यात साध्या स्वाराच्या भुवया जुळलेल्या की सुट्या हे लिहून ठेवत, तिथे सर्वांत मोठ्या कैद्याच्या कड्यावरच विश्वास ठेवला गेला.

पुढचा प्रसंग औरंगाबादचाच आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. आग्र्याहून सुटकेनंतर काही काळ तह होता. 1667 मध्ये संभाजीराजे मुअज्जमच्या भेटीला औरंगाबादेत आले. त्यांच्या पंचहजारी मनसबीखाली प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी यांच्या हाताखालचे मराठी पथक या शहरात येऊन राहिले. ज्या मराठा स्वाराला शायिस्ताखानाने चाकरीतही घेतले नव्हते, तोच आता मोगलांच्या दख्खनच्या राजधानीत मनसबीच्या हक्काने वावरत होता. 1669 मध्ये बादशहाचे मन फिरले आणि या लोकांना पकडण्याचे ठरले. सभासदाची बखर सांगते, की हुकूम येऊन पडण्याआधीच शाहजाद्याने निराजीपंतांना सूचना दिली आणि पथक निघून गेले. प्रवेश दिलेला माणूस त्या काळात आतले रस्ते, चौक्या आणि माणसे पाहून ठेवतो. परवाना रद्द करता येतो, त्याने पाहिलेले रद्द करता येत नाही. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करायला हवे, हे सगळ्यांना पटते. ते लांबणीवर पडते, कारण बंद करण्याचा हुकूम ज्या हातांतून जायचा ते हात त्याच्या ओळखीचे असतात.

1682 मध्ये औरंगजेब स्वतः औरंगाबादेत आला, आणि त्याच वर्षी मराठ्यांच्या धाडींपासून बचावासाठी औरंगाबादभोवती तट बांधला गेला. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा, रोशन दरवाजा अशी नावे आपण आजही पत्ता सांगताना घेतो. पण त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत बादशहा तटाच्या आत सुखाने बसला नाही. आत आपले, बाहेर परके, ही विभागणीच दख्खनेत टिकली नाही. देशमुख, किल्लेदार, मनसबदार इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात राहिले.

संगणकाच्या जगाला हे कळायला वेळ लागला. 2009 च्या अखेरीस गूगलसह अनेक कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये हल्लेखोर शिरले. त्या हल्ल्याला ‘ऑपरेशन ऑरोरा’ म्हणतात. तटाच्या आत आला तो आपला, ही समजूतच त्यानंतर गूगलने टाकून दिली. त्यांच्या ‘बियाँडकॉर्प’ या पद्धतीत कार्यालयात बसलेल्याला आणि घरी बसलेल्याला सारखेच वागवले जाते. कंपनीच्या प्रत्येक उपकरणाची यादी असते, त्यात प्रमाणपत्र असते, आणि प्रत्येक मागणीच्या वेळी उपकरण व माणूस दोन्ही ताडून पाहिले जातात. जहागीरदारांच्या लबाडीला कंटाळलेल्या बक्षीने हे लगेच ओळखले असते, कारण डाग आणि तसहीहा ही दोन कामे एकाच खात्यात का ठेवायची हे त्याला अनुभवाने कळले होते.

त्या बक्षीचे कागद नष्ट झालेले नाहीत. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातली दख्खन सुभ्याची दीड लाखांच्या आसपास फारसी कागदपत्रे आज हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत, आणि त्यांत ‘अर्ज-ओ-चेहरा’ म्हणून ओळखले जाणारे हजेरीचे आणि वर्णनाचे कागद मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या निवडक कागदांचे खंड हैदराबादेत 1950 आणि 1958 मध्ये छापले गेले. ज्यांच्या भुवया, वण आणि तीळ त्यांत लिहिले आहेत, त्यांतल्या कितीतरी जणांनी याच शहरात आणि याच मराठवाड्यात आपले दिवस काढले. इथल्या विद्यापीठातून दरवर्षी इतिहास घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी चार-पाच जणांनी तरी फारसी शिकावी, शिकस्ता लिपी वाचायला शिकावी आणि हैदराबादला जाऊन ते कागद उघडावेत.